सार्वजनिक विधीचा विद्यापीठीय अभ्यास : शासनाला ‘कोणत्या अधिकाराने?’ असे विचारण्याचे शास्त्र

पदपथावरील झोपडी हटविणारी महापालिका, विमानतळावरील उपाहारगृहासाठी निविदा मागविणारे प्राधिकरण आणि दैनिकाने किती पाने किती किमतीला द्यावीत हे ठरवू पाहणारे केंद्र सरकार. वरवर पाहता या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. मात्र तिन्ही ठिकाणी एका बाजूला शासन आणि दुसऱ्या बाजूला नागरिक उभा आहे, आणि तिन्ही ठिकाणी नागरिकाने विचारलेला प्रश्न एकच आहे : हे करण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला आणि तो तुम्ही नीट वापरला का? या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर शोधणारी कायद्याची शाखा म्हणजे सार्वजनिक विधी.

कायद्याचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना फौजदारी, दिवाणी किंवा कंपनी कायदा माहीत असतो. सार्वजनिक विधी हे नाव मात्र अपरिचित असते. प्रत्यक्षात विधी पदवीचा मोठा भाग याच शाखेने व्यापलेला असतो. हा विषय नेमका काय आहे, विद्यापीठात तो कसा शिकविला जातो, प्रवेश कसा मिळतो आणि पुढे कोणत्या वाटा खुल्या होतात, याचा हा आढावा.

सार्वजनिक आणि खासगी : सीमारेषा कोठे?

दोन व्यक्तींमधील व्यवहार, उदाहरणार्थ घराची खरेदी, भागीदारी, विवाह किंवा वारसा, यांचे नियमन करणारा कायदा खासगी विधी म्हणून ओळखला जातो. त्यात दोन्ही पक्ष तत्त्वतः समान पातळीवर असतात. सार्वजनिक विधीत एक पक्ष शासन असतो. शासनाकडे कर लावण्याची, जमीन संपादन करण्याची, परवाना देण्याची वा नाकारण्याची आणि प्रसंगी अटक करण्याची सत्ता असते. पक्षच असमान असल्याने नियमही वेगळे लागतात.

या शाखेचे दोन मुख्य स्तंभ आहेत. पहिला घटनात्मक विधी. संसद, मंत्रिमंडळ, न्यायपालिका, केंद्र व राज्ये यांची रचना, त्यांचे अधिकार आणि नागरिकांचे मूलभूत हक्क यांचा त्यात विचार होतो. दुसरा प्रशासकीय विधी. मंत्री, सचिव, जिल्हाधिकारी, महापालिका आयुक्त, तहसीलदार यांनी दैनंदिन कारभारात अधिकार कसे वापरावेत आणि चुकल्यास दाद कोठे मागावी, हे तो सांगतो. फौजदारी कायदा, करविधी, पर्यावरण कायदा, निवडणूक कायदा आणि आंतरराष्ट्रीय विधी यांचाही समावेश व्यापक अर्थाने सार्वजनिक विधीत केला जातो.

ही सीमारेषा सर्व देशांत सारखी नाही. फ्रान्समध्ये शासनाविरुद्धच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायव्यवस्था असून तिच्या शिखरावर १७९९ मध्ये स्थापन झालेली ‘कौन्से देता’ ही संस्था आहे. इंग्लंडमध्ये ए. व्ही. डायसी यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा स्वतंत्र व्यवस्थेला विरोध केला. राजा असो वा रंक, सर्वांना एकच कायदा आणि एकच न्यायालय, ही त्यांची भूमिका होती. भारताने न्यायालयांची रचना इंग्लंडप्रमाणे स्वीकारली. मात्र लिखित राज्यघटना आणि न्यायालयाकडून अंमलात आणता येणारे मूलभूत हक्क स्वीकारून तो इंग्लंडच्या पुढे गेला. त्यामुळे येथील विद्यार्थ्याला इंग्लिश निवाडेही वाचावे लागतात आणि ते कोठे लागू होत नाहीत हेही शिकावे लागते.

महाराष्ट्राची परंपरा

या विषयाच्या अध्यापनाची महाराष्ट्रातील परंपरा जुनी आहे. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ मध्ये सुरू झाले. मुंबई विद्यापीठाची स्थापना त्यानंतर दोन वर्षांनी झाली. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची १९३५ मध्ये याच महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी नियुक्ती झाली होती. पुण्यात इंडियन लॉ सोसायटीचे विधी महाविद्यालय १९२४ मध्ये सुरू झाले. तेथे दीर्घकाळ प्राचार्य राहिलेले डॉ. एस. पी. साठे यांचा प्रशासकीय विधीवरील ग्रंथ देशभरातील विद्यार्थी वापरतात. महाराष्ट्राचे महाधिवक्ता राहिलेले एच. एम. सिरवई यांचा भारतीय घटनात्मक विधीवरील ग्रंथ १९६७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला आणि न्यायालयांतही तो आधार म्हणून वाचला जाऊ लागला.

पदवीच्या अभ्यासक्रमात काय असते?

देशातील विधी शिक्षणाचा किमान आराखडा बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनी ठरविला आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आणि कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम असे दोन मार्ग आहेत. या नियमांत वीस सक्तीचे सैद्धांतिक विषय दिले आहेत. त्यांत घटनात्मक विधीच्या दोन प्रश्नपत्रिका, प्रशासकीय विधी, आंतरराष्ट्रीय सार्वजनिक विधी, करविधीची तत्त्वे, पर्यावरण कायदा आणि फौजदारी कायद्याचे विषय येतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाल्याने फौजदारी विषयांची जुनी पुस्तके आता जपूनच वापरावी लागतात.

याखेरीज ऐच्छिक विषयांचे समूह असून त्यांतील पहिला समूह घटनात्मक विधीचाच आहे. संघराज्यव्यवस्था, तुलनात्मक राज्यघटना, निवडणूक कायदा, मानवी हक्क, माहितीचा अधिकार, स्थानिक स्वराज्य संस्था, कायद्याचा अन्वयार्थ असे विषय त्यात असतात. कोणते ऐच्छिक विषय प्रत्यक्षात शिकविले जातात हे मात्र महाविद्यालयातील अध्यापकांच्या उपलब्धतेवर ठरते. प्रवेशापूर्वी माहितीपत्रकातील यादीवर विसंबून न राहता गेल्या दोन वर्षांत कोणते विषय खरोखर शिकविले गेले, याची चौकशी करणे हिताचे ठरते.

पुस्तकी विषयांबरोबर प्रात्यक्षिकालाही स्थान आहे. मसुदालेखन, व्यावसायिक नीतिमत्ता, पर्यायी वादनिवारण आणि अभिरूप न्यायालय हे चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे आहेत. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. सार्वजनिक विधीत रस असणाऱ्याने यातील काही आठवडे उच्च न्यायालयात रिट याचिका चालविणाऱ्या वकिलाकडे, विधी सेवा प्राधिकरणात किंवा महापालिकेच्या विधी विभागात घालवावेत. निर्णय कसा घेतला जातो आणि फाईल कशी फिरते हे न पाहता प्रशासकीय विधी पूर्णपणे कळत नाही.

तीन खटले, तीन धडे

सार्वजनिक विधी हा कलमे पाठ करण्याचा विषय नाही. तो निवाडे वाचण्याचा विषय आहे. महाराष्ट्राच्या भूमीतून गेलेले तीन खटले या विषयाची रीत समजावून देतात.

पहिला खटला ‘सकाळ पेपर्स विरुद्ध भारत सरकार’ हा आहे. १९५६ चा कायदा आणि त्याखाली १९६० मध्ये निघालेला आदेश यांनी दैनिकाची किंमत आणि पृष्ठसंख्या यांची सांगड घातली होती. पाने वाढवायची तर किंमत वाढवावी लागे. किंमत तीच ठेवायची तर पाने कमी करावी लागत. छोट्या वृत्तपत्रांना मोठ्यांच्या स्पर्धेपासून वाचविणे हा हेतू असल्याचा सरकारचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ही तरतूद रद्द केली. पाने आणि किंमत यांवर नियंत्रण म्हणजे मजकुराच्या प्रमाणावर आणि वाचकसंख्येवर नियंत्रण, म्हणून ते अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचेच बंधन ठरते, असे न्यायालयाने म्हटले. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांसाठी बंधन घालता येईल याची यादी घटनेच्या कलम १९ (२) मध्ये आहे आणि ‘सर्वसामान्य जनहित’ हे कारण त्या यादीत नाही. विद्यार्थ्याने येथे शिकायचे ते हे की, हेतू चांगला असणे पुरेसे नसते. घटनेने ज्या कारणासाठी बंधनाला परवानगी दिली, तेच कारण असावे लागते.

दुसरा खटला ‘रमणा दयाराम शेट्टी विरुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण’ हा १९७९ चा. मुंबई विमानतळावर उपाहारगृह आणि अल्पोपाहार केंद्रे चालविण्यासाठी निविदा मागविताना प्राधिकरणाने ठरावीक दर्जाची नोंदणी आणि किमान पाच वर्षांचा अनुभव अशी अट घातली होती. कंत्राट मात्र ही अट पूर्ण न करणाऱ्यास देण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, शासन किंवा शासनाचे अंग कंत्राट देताना खासगी दुकानदाराप्रमाणे मनाला येईल तसे वागू शकत नाही. स्वतः जाहीर केलेला निकष त्याने स्वतः पाळला पाहिजे. अन्यथा समानतेच्या हक्काचा भंग होतो. शासकीय निविदांविषयीच्या असंख्य वादांत आजही हा निवाडा आधारभूत मानला जातो. मात्र याचिका उशिरा दाखल झाली होती आणि दरम्यान कंत्राटदाराने बराच खर्च केला होता, या कारणांसाठी न्यायालयाने ते कंत्राट रद्द केले नाही.

तिसरा खटला ‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका’. १९८१ च्या ऐन पावसाळ्यात मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्यांना हटविण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला आणि त्याविरुद्ध याचिका दाखल झाल्या. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने जुलै १९८५ मध्ये निकाल दिला. उपजीविकेचे साधन हिरावून घेणे म्हणजे जगण्याचा हक्कच हिरावून घेणे, त्यामुळे कलम २१ मधील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, हे तत्त्व या निकालाने प्रस्थापित केले. घर हटविण्यापूर्वी संबंधितांचे म्हणणे ऐकून घेणे हा नियम आणि न ऐकणे हा अपवाद, असेही न्यायालयाने सांगितले. तरीही महापालिकेला अतिक्रमण हटविण्याचा अधिकार देणारी तरतूद वैध ठरली. पावसाळा संपेपर्यंत कारवाई लांबणीवर टाकण्यात आली आणि १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना पर्यायी जागा देण्याविषयी निर्देश देण्यात आले. पदपथावर राहण्याचा हक्क मात्र कोणालाही मिळाला नाही.

शेवटचे दोन खटले एकत्र वाचले की या विषयातील एक कठोर वास्तव लक्षात येते. तत्त्व जिंकते आणि याचिकाकर्ता हरतो, असे येथे वारंवार घडते. शेट्टी खटल्यातील तत्त्वाचा लाभ पुढे हजारो निविदाकारांना झाला, पण ज्याने खटला लढविला त्याच्या पदरात काही पडले नाही. ओल्गा टेलिस निकालाचा आधार देशभरातील झोपडीवासीयांनी घेतला, पण मूळ याचिकाकर्त्यांची पदपथावरील घरे त्याने वाचविली नाहीत. निवाडा वाचताना ‘न्यायालयाने कोणते तत्त्व सांगितले?’ आणि ‘न्यायालयाने प्रत्यक्षात काय दिले?’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्याची सवय चांगले अध्यापक पहिल्याच सत्रात लावतात. परीक्षेत याने गुण मिळतात. वकिलीत पक्षकाराला खोटी आशा देणे टळते.

प्रशासकीय विधीची साधने

शासनाचा निर्णय न्यायालयात तपासला जातो तेव्हा न्यायाधीश अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून नवा निर्णय घेत नाहीत. निर्णय घेण्याची रीत तपासतात. यालाच न्यायिक पुनर्विलोकन म्हणतात. ही तपासणी साधारणपणे तीन कसोट्यांवर होते. अधिकाऱ्याला कायद्याने तो अधिकार दिला होता का? निर्णय इतका अविवेकी तर नाही ना, की कोणताही समंजस अधिकारी तो घेणार नाही? आणि ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली का? इंग्लंडमध्ये १९८४ मध्ये लॉर्ड डिप्लॉक यांनी केलेल्या या वर्गीकरणाचा आधार भारतीय न्यायालयेही घेतात. हक्कांवरील बंधन उद्दिष्टाच्या प्रमाणात आहे का, ही चौथी कसोटीही अलीकडे महत्त्वाची ठरली आहे.

कार्यपद्धतीच्या कसोटीचा गाभा नैसर्गिक न्यायाची दोन तत्त्वे आहेत. कोणीही स्वतःच्या प्रकरणात न्यायाधीश होऊ नये आणि दुसऱ्या बाजूचे ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये. ए. के. क्रैपाक खटल्यात निवड मंडळाचा एक सदस्य स्वतःच त्या पदाचा उमेदवार होता. त्याने स्वतःच्या नावाची चर्चा होताना भाग घेतला नाही, तरी इतर उमेदवारांच्या वेळी तो उपस्थित होता. एवढ्यावरून सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ती निवड रद्द ठरविली. महाविद्यालयातील प्राध्यापकभरतीपासून गृहनिर्माण संस्थेवरील प्रशासकाच्या नियुक्तीपर्यंत या तत्त्वांचा उपयोग होतो.

दाद मागण्याचे मुख्य साधन म्हणजे रिट याचिका. राज्यघटनेच्या मराठी पाठात रिटला ‘प्राधिलेख’ असा शब्द आहे. बेकायदा स्थानबद्ध व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याचा आदेश देणारे हेबियस कॉर्पस आणि शासनाला त्याचे कर्तव्य करावयास लावणारे मँडॅमस ही त्यांतील सर्वाधिक परिचित नावे. मूलभूत हक्कांसाठी कलम ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात, तर मूलभूत आणि इतरही कायदेशीर हक्कांसाठी कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येते. उच्च न्यायालयाचा अधिकार त्यामुळे या बाबतीत अधिक व्यापक आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज मुंबईखेरीज नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यातही चालते. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातही सर्किट बेंच सुरू झाले आहे. या शहरांतील विद्यार्थ्यांना सुनावणी प्रत्यक्ष पाहण्याची सोय घराजवळ उपलब्ध आहे.

न्यायालय हे मात्र शेवटचे पाऊल असते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हे दोन कायदे प्रशासकीय विधीचाच भाग आहेत. निर्णयाची कारणे मागणे, ठरलेल्या मुदतीत दाखला मागणे, अपील करणे या पायऱ्या आधी चढाव्या लागतात. पर्यायी मार्ग उपलब्ध असता थेट रिट याचिका केल्यास न्यायालय ती ऐकण्यास नकार देऊ शकते.

बातमीमागील कायदा

गेल्या काही वर्षांतील महाराष्ट्रातील मोठ्या घडामोडी सार्वजनिक विधीशिवाय समजणे अशक्य आहे. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा रद्द केला, तेव्हा वादाच्या केंद्रस्थानी १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातील पन्नास टक्क्यांची मर्यादा आणि २०१८ ची १०२ वी घटनादुरुस्ती होती. त्याच वर्षी मार्चमध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांतील इतर मागासवर्गीय आरक्षणासाठी तिहेरी चाचणीचा आग्रह न्यायालयाने धरला. मे २०२३ मध्ये सुभाष देसाई खटल्यात राज्यपालांचे अधिकार, विधानसभा अध्यक्षांची भूमिका आणि पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट यांचा ऊहापोह झाला. या निकालांविषयी मते अनेक असू शकतात; परंतु मत बनविण्यापूर्वी निकालाने नेमके काय म्हटले हे वाचण्याचे कौशल्य हा अभ्यास देतो.

न्यायालयही चुकते, हेही हा विषय शिकवितो. आणीबाणीत जीविताच्या हक्कासाठी न्यायालयात जाता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९७६ मध्ये एडीएम जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक मताने दिला. न्या. एच. आर. खन्ना यांनी एकट्याने भिन्न मत नोंदविले. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने हा जुना निर्णय चुकीचा ठरविला. १९७६ च्या बहुमतात यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये तो निर्णय मोडीत काढणारे मुख्य निकालपत्र त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. अल्पमतातील निकालपत्रेही काळजीपूर्वक का वाचावीत, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

प्रवेशाचे मार्ग

महाराष्ट्रातील विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांतील तीन व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे विधी प्रवेश परीक्षा घेतली जाते. बार कौन्सिलच्या नियमांनुसार पात्रता परीक्षेत खुल्या प्रवर्गासाठी ४५, इतर मागासवर्गासाठी ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण आवश्यक असतात.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी ‘क्लॅट’ ही स्वतंत्र परीक्षा असते. या विद्यापीठांची परंपरा बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलपासून सुरू झाली. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे अशी विद्यापीठे स्थापन झाली. क्लॅटमध्ये उतारे वाचून उत्तरे द्यावी लागतात आणि चुकीच्या उत्तरासाठी पाव गुण वजा होतो. राष्ट्रीय विद्यापीठांचे शुल्क शासकीय व अनुदानित महाविद्यालयांच्या तुलनेत बरेच अधिक असते. निवासाचा खर्च, शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्जाचे हप्ते यांचा हिशेब पालकांनी प्रवेशापूर्वीच मांडावा.

पदव्युत्तर शिक्षण

सार्वजनिक विधीत खऱ्या अर्थाने विशेष अभ्यास होतो तो एलएल. एम. पातळीवर. अनेक विद्यापीठांत घटनात्मक व प्रशासकीय विधी हा विशेषीकरणाचा गट असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने एक वर्षाच्या एलएल. एम.साठी ठरविलेल्या आराखड्यात संशोधनपद्धती आणि ‘जागतिकीकरण व न्याय’ यांबरोबर तुलनात्मक सार्वजनिक विधी हा विषय सर्वांनाच सक्तीचा आहे; शिवाय प्रबंधिका लिहावी लागते. दोन वर्षांचा जुना अभ्यासक्रमही सुरू आहे. बार कौन्सिलने जानेवारी २०२१ मध्ये एक वर्षाची पदवी बंद करणारे नियम अधिसूचित केले होते आणि त्यांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. त्यामुळे अध्यापनाच्या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्यांनी प्रवेश घेतेवेळी आपल्या पदवीच्या मान्यतेविषयी विद्यापीठाकडून लेखी खात्री करून घ्यावी. शासकीय यंत्रणेकडून लेखी उत्तर मागणे हा या विषयातील पहिला धडाच आहे.

भाषेची अडचण आणि तिच्यावरील उपाय

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांपुढे सर्वांत मोठा अडसर इंग्रजीचा असतो. घटनेच्या कलम ३४८ नुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते. दुसरीकडे १९९८ च्या अधिसूचनेने काही अपवाद वगळता महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. म्हणजे येथील वकिलाला दोन्ही भाषांत काम करावे लागते. काही विद्यापीठांत पदवीची उत्तरपत्रिका मराठीत लिहिण्याची मुभा असते. तिचे नियम विद्यापीठागणिक वेगळे असल्याने ते आधी पाहावेत.

उपाय म्हणून राज्यघटनेचा अधिकृत मराठी पाठ आणि इंग्रजी पाठ शेजारी ठेवून वाचण्याचा सराव उपयुक्त ठरतो. ‘अधिकारबाह्य’, ‘स्वेच्छाधिकार’, ‘प्रत्यायोजित विधिविधान’ हे शब्द प्रथम बोजड वाटतात. पण संकल्पना आपल्या भाषेत पक्की झाली की इंग्रजी निवाडा वाचणे सोपे जाते. भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ याकामी मदत करतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून आपले निवाडे ‘ई-एससीआर’वर विनामूल्य उपलब्ध केले असून निवडक निवाड्यांचे मराठी अनुवादही मिळतात. घटना समितीतील चर्चाही विनामूल्य वाचता येतात. महागड्या ग्रंथांअभावी अभ्यास अडतो, ही सबब आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही.

वाचनाचा क्रमही महत्त्वाचा. आधी मूळ कलम, मग त्यावरील घटना समितीतील चर्चा, मग निवाडा आणि शेवटी पाठ्यपुस्तक हा क्रम पाळणाऱ्याला विषय लवकर उमगतो. मार्गदर्शिका आणि तयार टिपणे येथून सुरुवात करणारा परीक्षा उत्तीर्ण होतो. याचिका मात्र लिहू शकत नाही.

पुढील वाटा

पदवीनंतर वकिली करण्यासाठी राज्य बार कौन्सिलकडे नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक असते. नोंदणीसाठी खुल्या प्रवर्गाकडून ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपये यांहून अधिक शुल्क घेता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला. हाही सार्वजनिक विधीचाच विजय : कायद्याने ठरविलेल्या रकमेपेक्षा अधिक रक्कम वसूल करण्याचा अधिकार बार कौन्सिललाही नाही.

रिट याचिका, सेवाविषयक वाद, भूसंपादन, निवडणूक याचिका, निविदा आणि पर्यावरण ही या शाखेतील वकिलीची प्रमुख क्षेत्रे. शासकीय अभियोक्ता कार्यालय, महापालिका आणि सार्वजनिक उपक्रमांचे विधी विभाग यांतही संधी असते. उच्च व सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्तींकडे विधी लिपिक म्हणून काम करणे हा नवपदवीधरासाठी उत्तम अनुभव. खासदारांना संशोधनात साहाय्य करणारी ‘लॅम्प’ अभ्यासवृत्तीही अनेक विधी पदवीधरांना संसदेपर्यंत घेऊन गेली आहे.

न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यांनी एक बदल ध्यानात ठेवावा. मे २०२५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने कनिष्ठ स्तरावरील दिवाणी न्यायाधीशपदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. विधी लिपिक म्हणून केलेले काम या कालावधीत धरले जाते. प्रत्येक जाहिरातीतील अटी स्वतंत्रपणे तपासाव्यात. अध्यापनासाठी एलएल. एम.ला किमान ५५ टक्के गुण, राखीव प्रवर्गांना सवलतीसह, आणि नेट किंवा सेट परीक्षा हा नेहमीचा मार्ग आहे. नेटच्या विधी विषयात घटनात्मक व प्रशासकीय विधी आणि तुलनात्मक सार्वजनिक विधी असे स्वतंत्र घटक आहेत. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांनाही या अभ्यासाचा थेट उपयोग होतो.

हिशेब नीट मांडावा

कंपनी कायद्यात पदवीनंतर लगेच मिळणारे मोठे वेतन सार्वजनिक विधीत सहसा मिळत नाही. ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली पहिली काही वर्षे तुटपुंज्या मानधनावर काढावी लागतात. याचिका वर्षानुवर्षे प्रलंबित राहतात. ज्यांच्यासाठी लढायचे त्यांच्याकडे अनेकदा शुल्क देण्याची ऐपत नसते. घरची आर्थिक जबाबदारी खांद्यावर असलेल्या विद्यार्थ्याने ही बाजू दृष्टीआड करू नये. पहिली वर्षे विधी सेवा प्राधिकरणाच्या वकीलयादीवर काम करणे किंवा सेवाविषयक आणि करविषयक प्रकरणांची जोड देणे, असा व्यवहार्य मार्ग अनेक जण निवडतात.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आदींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते. हा हक्क कागदावरून माणसापर्यंत पोहोचण्यासाठी तो जाणणारा वकील तालुक्याच्या गावी असावा लागतो. दारावर चिकटविलेल्या नोटिशीत कोणत्या कायद्याचे कोणते कलम लिहिले आहे, उत्तर देण्यास किती दिवस आहेत आणि नोटीस काढणाऱ्या अधिकाऱ्याला तो अधिकार आहे का, हे तीन प्रश्न वेळेत विचारले गेले तर अनेक घरे, दुकाने आणि नोकऱ्या न्यायालयाची पायरी न चढताच वाचू शकतात. हे प्रश्न विचारण्याची सवय विद्यापीठात लागते. त्यांचा उपयोग होतो तो वर्गाबाहेर.